पेन्सिलीच्या रेघा

प्रागमध्ये बिअरचा हिशेब कागदावर ठेवतात. गल्लीतल्या साध्या होस्पोद्यात जाऊन बसलात की वेटर चार बोटं रुंदीची कागदाची पट्टी टेबलावर टाकतो, पुठ्ठ्याची एक जाड चकती पुढे सरकवतो आणि तिच्यावर ग्लास टेकवता टेकवता पट्टीवर पेन्सिलीने उभी रेघ ओढतो. दुसरा ग्लास आला की दुसरी रेघ. खायला काही मागवलंत तर त्याचा आकडा कोपऱ्यात. निघताना ‘झाप्लातीम’, म्हणजे ‘पैसे देते’, एवढं म्हणायचं. तो रेघा मोजतो, बेरीज करतो, पैसे घेतो आणि कागद चुरगळून खिशात घालतो. आता पुष्कळ ठिकाणी मशीन आली आहेत, पण जुन्या जागांनी पट्टी सोडलेली नाही.

ही पट्टी उताणी पडलेली असते. शेजारच्याला दिसते, समोरच्याला दिसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. कुणी ती उलटी करून ठेवत नाही. २०२४च्या जूनमध्ये ऑफिसच्या कामासाठी हैदराबादहून तिथे गेले आणि ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत राहिले. या काळात त्या शहरात मी काय काय पाहिलं असं कुणी विचारलं तर किल्ला, पूल, घड्याळ हे सगळं सांगतेच. पण मनात राहिली आहे ती पट्टी. याला कारण मी जिथून आले ते गाव.

मी वर्ध्याची. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, पुढे विनोबा पवनारला. या दोघांच्या जिल्ह्यात दारू नको म्हणून १९७५ साली दारूबंदी झाली, ती अजून आहे. माझा जन्म बंदीनंतरचा. दारूचं दुकान ही वस्तू मी कॉलेजला नागपूरला गेले तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि रंगीत बाटल्यांच्या त्या रांगा मला औषधांच्या दुकानासारख्या वाटल्या. कागदावर आमच्या जिल्ह्यात दारूचा थेंब नाही. प्रत्यक्षात पुलगावला वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, देवळीच्या पुढे तीच नदी ओलांडली की यवतमाळ, आणि रस्त्याने नागपूरकडे निघालं की बुटीबोरी. ज्याला हवी त्याला पूल माहीत. ज्याला पुलापर्यंत जायचं नाही त्याच्यासाठी नाल्याच्या काठी, झुडपात पुरलेल्या मडक्यांत मोहाचा सडवा.

माझी आई त्या मडक्यांच्या मागे होती. गावातल्या आठ-दहा बायका मिळून सकाळी निघायच्या, पोलिसांना निरोप द्यायच्या, आणि पोलीस येवोत न येवोत मडकी फोडून यायच्या. तिच्या लुगड्याला येणारा आंबूस वास मला अजून आठवतो. आणि ज्या घरातून ती निघायची त्याच घरात माझे धाकटे काका, आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो, गोठ्यातल्या कडब्यामागे बाटली ठेवायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. काकाजी सायकलवरून पुलाकडे जायचे ते ‘खत पाहून येतो’ म्हणून. ते सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, रोज किती घ्यायचे? काकू, बाबा, आई, तिघंही नुसते उभे होते. किती ते कुणालाच माहीत नव्हतं. लपवलेल्या गोष्टीचं माप कोण ठेवणार? नातेवाइकांना पुढे ‘कावीळ झाली’ असं सांगितलं गेलं.

एवढं सामान घेऊन मी प्रागला पोचले. चेक प्रजासत्ताक तीस वर्षांहून अधिक काळ दरडोई बिअर पिण्यात जगात पहिला आहे. म्हातारी-पोरं धरून माणशी वर्षाला सव्वाशे लिटरच्या आसपास.

त्यांच्या भाषेत बिअरला ‘पिवो’ म्हणतात. ‘पिणे’ हा आपला शब्द ज्या जुन्या धातूतून आला त्याच्याच कुळातला हा. म्हणजे तिकडे बिअरचं नावच ‘पेय’. ज्या घरात आपण जन्मतो त्या घरात एखाद्या वस्तूला काय म्हणतात यावर बरंच ठरतं. मराठीत पिण्याच्या जागेला किती शब्द आहेत बघा: गुत्ता, अड्डा, भट्टी. उच्चारतानाच तोंड वाकडं होतं. त्यानंतर सरकारी कागदातून रस्त्यावर उतरलेला शब्द ‘परमिट रूम’. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू असल्यामुळे महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना असणं अपेक्षित आहे, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन, आणि तो परवाना मिळतो प्रकृती राखण्यासाठी. टेबलावर बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडेही कागद आहे. पण तो कुणाला दाखवायचा नसतो.

होस्पोदा या शब्दाला मराठीत प्रतिशब्द मला सापडला नाही. गावातला पार, चहाची टपरी आणि खानावळ यांच्या मधलं काहीतरी. लाकडी लांब टेबलं, बाकं, भिंतीला कमरेपर्यंत लाकूड, वर काळपट पिवळा रंग. हा पिवळा रंग सिगरेटचा. ३१ मे २०१७पासून आत धूम्रपानाला बंदी आली, भिंतींनी अजून सोडलेलं नाही. स्वतंत्र टेबल मिळेल अशी आशा धरू नये. जिथे जागा दिसेल तिथे जाऊन विचारायचं, ‘ये तू वोल्नो?’ इथे मोकळं आहे का? पहिल्यांदा मी हे पाठ केलं तेव्हा मला हसू आलं, कारण मराठी कानाला पहिले दोन शब्द ‘ये, तू’ असेच ऐकू येतात. आत कुणाला बोलवावं तसे. मी ज्झिझ्कोव भागात राहत होते. चढ-उताराच्या गल्ल्या, जुन्या कामगारवस्तीच्या पाचमजली चाळवजा इमारती आणि मध्येच २१६ मीटर उंचीचा टीव्ही टॉवर, ज्याच्या अंगावर दाविद चेर्नी या शिल्पकाराची रांगती काळी बाळं चढताना दिसतात. या भागात कोपऱ्या-कोपऱ्यावर होस्पोदे. माझ्या इमारतीखालच्याच होस्पोद्यात पहिल्या आठवड्यात मी तीन वेळा दारापर्यंत गेले आणि परतले. चौथ्या वेळी आत जाऊन ते वाक्य म्हटलं. टेबलावरच्या दोन म्हाताऱ्यांनी मान हलवून बाकावर जागा केली आणि आपलं बोलणं पुढे चालू ठेवलं. बस्स. एवढंच झालं. पंचेचाळीस वर्षांची बाई एकटी येऊन बसली याचं तिथे कुणाला काही नव्हतं. आत बायका कमी होत्या हे खरं. होस्पोदा ही मुळात पुरुषांची जागा, आणि जुन्या जागांत ते आजही जाणवतं. पण कमी असणं वेगळं आणि बघणं वेगळं.

पिताना काय पितो आहोत हे कळावं असं मला वाटायचं, म्हणून मी विचारत गेले. तिथे बिअर अंशांवर ओळखतात. ‘देसीत्का’ म्हणजे दहाची, ‘द्वानात्स्त्का’ म्हणजे बाराची. हे दारूचं प्रमाण नव्हे, उकळलेल्या रसातल्या साखरेचं. ही मोजपट्टी कार्ल बालिंग या प्रागच्याच रसायनशास्त्रज्ञाची. दहाच्या बिअरमध्ये साधारण चार टक्के अल्कोहोल, बाराच्या बिअरमध्ये पाच. रोज संध्याकाळी बसणारी माणसं बहुधा दहाची घेतात, बराच वेळ बसायचं असतं म्हणून. फेस हा वाया गेलेला भाग नव्हे, हे शिकायला मला महिना लागला. ‘ह्लादिन्का’ म्हणजे तीन बोटं घट्ट फेसाची, रोजची. ‘श्निट’ म्हणजे निम्म्याहून थोडी कमी बिअर, बाकी फेस. ‘म्लीको’, दूध, म्हणजे जवळजवळ सगळाच फेस, गोडसर, एका दमात प्यायचा. ग्लास आधी गार पाण्यात बुडवून ओलाच ठेवतात, नळाचं तोंड फेसाच्या आत धरतात. हे काम करणाऱ्याला वेगळा मान आहे. तो वेटर नव्हे. तो नळापाशी उभा असतो आणि सहसा बोलत नाही.

या सगळ्याची मुळं प्रागच्या नैर्ऋत्येला नव्वद किलोमीटरवरच्या प्ल्झेन गावात. १८३८ साली तिथल्या लोकांनी खराब झालेल्या बिअरची ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली आणि गावाने मिळून स्वतःची भट्टी बांधली. बव्हेरियाहून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. १८४२च्या ऑक्टोबरमध्ये त्याने जी बिअर काढली ती सोनेरी आणि नितळ होती. आज जगभर, आपल्या किंगफिशरपर्यंत, जी फिकट सोनेरी बिअर विकली जाते तिचं मूळ हेच. दारू रस्त्यावर ओतणाऱ्या माणसांची ही गोष्ट वाचताना मला आईची मडकी आठवली. दोन्हीकडे माणसं चिडलेली होती. फक्त त्यांना आणखी चांगली हवी होती, आणि आईला ती नकोच होती.

आता कुठे बसावं. लोक हे विचारतातच, म्हणून सांगते.

जुन्या शहरात, हुसोवा रस्त्यावर, ‘ऊ झ्लातेहो तिग्रा’, सोनेरी वाघ, नावाचा होस्पोदा आहे. दारावर वाघ कोरलेला. दुपारी तीनला उघडतो आणि त्याआधीच बाहेर रांग लागते. बोहुमिल ह्राबाल हा लेखक इथे रोज बसायचा. १९९४च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल यांनी बिल क्लिंटनना बिअर प्यायला आणि ह्राबालला भेटायला इथेच आणलं. त्याच दौऱ्यात नारोद्नी रस्त्यावरच्या रेदुता या जॅझ क्लबमध्ये क्लिंटननी सॅक्सोफोन वाजवला. ह्राबाल बिअरच्या कारखान्यातच वाढला. त्याचे सावत्र वडील निम्बुर्कच्या बिअरभट्टीचे व्यवस्थापक होते. पुढे १९५०च्या दशकात त्याने प्रागमध्ये रद्दी दाबण्याच्या कामावर काही वर्षं काढली आणि त्यातून पस्तीस वर्षं रद्दीचे गठ्ठे बांधणाऱ्या, बिअर पिणाऱ्या आणि रद्दीतली पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची कादंबरी आली. वाघात मला एकदाच जागा मिळाली, तीही वीस मिनिटं, सहाच्या आत ऊठ या अटीवर, कारण सहाला ते बाक ज्यांचं होतं ते येणार होते. रोजच्या गिऱ्हाइकाला तिथे ‘श्टामगास्ट’ म्हणतात आणि त्याची जागा त्याचीच असते, मग बाहेर कुणीही उभा असो. मला याचा राग आला नाही. मला हेवा वाटला.

क्रेमेन्त्सोवा रस्त्यावरचा ‘ऊ फ्लेकू’ १४९९पासूनचा. एकच बिअर, काळी, तिथेच केलेली. मोठमोठी दालनं, अकॉर्डियन, पर्यटकांच्या बसगाड्या. वेटर ग्लासांनी भरलेला ट्रे घेऊन फिरतो आणि न विचारता समोर ठेवतो. कडू-गोड मद्याचे छोटे ग्लासही तसेच येतात. ते नको असेल तर आधीच हात आडवा करावा. एकदा बघण्यासारखं. दुसऱ्यांदा मी गेले नाही.

उन्हाळ्यात मात्र छताखाली बसू नये. व्ल्तावा नदीच्या वर, लेत्ना टेकडीवरच्या बागेत, चेस्टनटच्या झाडांखाली बाकं मांडलेली असतात. बिअर प्लॅस्टिकच्या पेल्यात, पेल्याची अनामत परत मिळते. खाली नदी, नदीवर एकामागे एक पूल, आणि लाल कौलं. तिथून थोडं चालत गेलं की एक प्रचंड चबुतरा लागतो. १९५५ साली त्याच्यावर स्टालिनचा अवाढव्य पुतळा बसवला होता, १९६२ साली सुरुंग लावून उडवला. १९९१पासून तिथे एक मोठा लंबक डावी-उजवीकडे झुलतो आहे. चबुतऱ्यावर मुलं स्केटबोर्ड खेळतात, उन्हाळ्यात बाजूला गाणी आणि बिअर. ज्यांना सूर्यास्त हवा त्यांनी रीग्रोवी सादी या बागेच्या उतारावर गवतात बसावं, समोर किल्ल्यामागे सूर्य जातो. नदीकाठी, नाप्लाव्का नावाच्या खालच्या घाटावर, होड्यांवर बार आहेत, आणि दगडी भिंतीतल्या जुन्या कोठ्यांना भल्या मोठ्या गोल काचा बसवून आत कॅफे केले आहेत. तिथे लोक पाय पाण्याकडे सोडून बसतात. पवनारला धामच्या काठी आम्हीही असेच बसायचो, हातात भाजलेल्या शेंगा घेऊन.

आणि रात्री नाचायचं असेल तर होलेशोवित्सेतला क्रॉस क्लब, जिथे भिंती, दिवे, टेबलं सगळं जुन्या यंत्रांच्या भागांतून जोडलेलं आहे. किंवा लुत्सेर्ना, हावेल यांच्या आजोबांनी बांधलेला राजवाड्यासारखा वाडा, ज्याच्या तळघरात आठवड्याच्या शेवटी ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतली गाणी लावतात आणि माझ्या वयाचे लोकही निःसंकोच नाचतात. परतीची काळजी नाही. मध्यरात्रीनंतर नव्वदच्या आकड्यांच्या ट्राम सुरू होतात, अर्ध्या-अर्ध्या तासाने लाझार्स्का थांब्यावर सगळ्या येतात, लोक एकीतून दुसरीत बदलतात. दोन वाजता मी एकटी त्या थांब्यावर उभी राहिले आहे.

पण शहराला या सगळ्याचा त्रास होतो, हेही पाहिलं. जुन्या शहरात शनिवारी रात्री एकसारखे टी-शर्ट घातलेले परदेशी तरुणांचे तांडे, पुढे झेंडा धरलेला वाटाड्या, एका बारमधून दुसऱ्यात. त्या गल्ल्यांत माणसं राहतात. दहानंतर शांतता पाळायची असा तिथला नियम, आणि खिडकीखाली तीन वाजेपर्यंत आरडाओरडा. मी तिथे असतानाच, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, प्रागच्या पालिकेने रात्री दहा ते सकाळी सहा अशा संघटित बार-फेऱ्यांवर बंदी आणली. माझ्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांना ही बातमी आवडली. ती माणसं प्यायला येत नाहीत, प्यालेलं दाखवायला येतात, असं त्यातला एक म्हणाला.

हे दोघे कोण ते मला हळूहळू कळलं. एक निवृत्त ट्रामचालक, दुसरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला मोडकं इंग्रजी यायचं, मला तितकंही चेक येत नव्हतं. मध्ये बशीत ‘उतोपेनेत्स’, म्हणजे बुडालेला माणूस, या नावाचं व्हिनेगरमध्ये मुरवलेलं सॉसेज. माझ्यासाठी तेलात मिरी-कांद्याबरोबर मुरवलेलं चीज. ग्लासला ग्लास लावताना डोळ्यांत बघायचं हे त्यांनी मला शिकवलं. पुरे झालं की पुठ्ठ्याची चकती ग्लासवर ठेवायची, नाहीतर नवा येतच राहतो, हेही.

एकदा मी त्यांना पट्टीबद्दल विचारलं. सगळ्यांसमोर रेघा, लाज नाही वाटत? भूगोलवाला हसला. म्हणाला, इथे दुसऱ्या कागदाची भीती असायची, याची नाही. त्याचा रोख मला घरी येऊन कळला. यारोस्लाव हाशेकच्या श्वेकच्या कादंबरीत सुरुवातीलाच एक गुप्त पोलीस होस्पोद्यात बसून लोकांना बोलतं करतो आणि श्वेकबरोबर मालकालाही पकडून नेतो. ते १९१४. पुढे साम्यवादी राजवटीत तेच. हावेल यांनी १९७४ साली त्रुत्नोवच्या बिअरभट्टीत मजुरी केली आणि त्यावर नाटक लिहिलं: भट्टीचा प्रमुख बंदी घातलेल्या लेखकाला समोर बसवून बाटलीमागून बाटली पितो आणि शेवटी त्याला विनवतो की पोलिसांना द्यायचे तुझ्यावरचे अहवाल तूच लिहून दे. काय बोललात त्याची नोंद व्हायची, म्हणून जपून बोलायचं. किती प्यायलात त्याची नोंद उघड्यावर, म्हणून त्यात लपवण्यासारखं काही उरलं नाही.

मला हे फार पटलं. इतकं की रविवारच्या फोनवर आईला सांगितलं. तोवर ती ‘संध्याकाळी काय करते वो तू तिथं?’ असं विचारायची आणि मी ‘जेवायला जाते’ म्हणायचे, जे खरंच होतं. त्या दिवशी सगळं सांगितलं. बिअर पिते, एक, कधी दोन. ती काही बोलली नाही. मग मी पट्टीचं सांगितलं, रेघांचं सांगितलं, काकाजींच्या वेळी डॉक्टरांनी विचारलेलं सांगितलं. म्हटलं, इथे असतं तर कळलं असतं किती ते.

आई म्हणाली, “तो कागद त्याच्या बायकोले दिसते का?”

मी म्हटलं, नाही. पैसे दिले की वेटर चुरगळून टाकतो.

“मंग?” ती म्हणाली. आणि नातवाचं काहीतरी सांगायला लागली.

त्यानंतर त्या टेबलाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. ट्रामचालकाच्या पट्टीवर रोज आठ-नऊ रेघा असायच्या. त्या मी आधीही पाहिल्या होत्या, मोजल्या नव्हत्या. त्याची बायको मी कधी पाहिली नाही. त्या नऊ रेघा रात्री घरी कशा पोचतात हे वेटरला माहीत नव्हतं, मला नव्हतं, भूगोलवाल्याला असेल तर तो बोलला नाही. उघड्यावर पिणं म्हणजे सगळं उघड असणं नव्हे. उघडं असतं ते टेबलापुरतं.

आणि या शहराला हेही माहीत आहे. नव्या शहरात संत आपोलिनार चर्चच्या शेजारी व्यसनमुक्तीचा विभाग आहे. यारोस्लाव स्काला या मनोविकारतज्ज्ञाने तो १९४८ साली सुरू केला, आणि १९५१ साली प्यालेल्या माणसाला रात्रभर देखरेखीखाली शुद्धीवर आणणारं केंद्र, जगातलं आपल्या प्रकारचं पहिलं, त्यानेच इथे उभारलं. ‘आपोलिनार’ हा शब्द प्रागमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही. एका रविवारी सकाळी मी त्या चर्चपर्यंत चालत गेले. शांत गल्ली, दवाखान्याची जुनी इमारत, चर्चचा मनोरा. तिथून बाराची बिअर मिळणारा सगळ्यात जवळचा होस्पोदा पाच मिनिटांवर होता. २०१२च्या सप्टेंबरमध्ये त्या देशात मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन काही डझन माणसं मेली. सरकारने जवळजवळ दोन आठवडे कडक मद्याची विक्री बंद ठेवली. बिअर चालू होती. २०१५ साली मुंबईत मालवणीला मिथेनॉलनेच शंभराहून जास्त माणसं मेली. दोन्हीकडे मेली ती स्वस्तातली पिणारी माणसं. परवाना असो, बंदी असो की पट्टी, सगळ्यात खालच्या बाकावरचा माणूस काय पितो हे कुठल्याच कागदावर नसतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ट्रामचालक दिसेनासा झाला. मी विचारलं तेव्हा भूगोलवाल्याने नुसता हात हलवला. त्याची जागा रिकामीच राहिली. गर्दी असली तरी वेटर तिथे कुणाला बसवत नव्हता. पाच आठवड्यांनी तो आला. वाळला होता, गळ्याची कातडी सैल पडली होती. बाकावर बसला, ‘आहोय’ म्हणाला, आणि वेटरने काही न विचारता अर्धा लिटरचा ग्लास आणून ठेवला, तीन बोटं फेस आणि सगळं. पट्टीवर मात्र रेघ ओढली नाही, छोटी फुली मारली. फुली म्हणजे बिनअल्कोहोलची. तीही तिथे नळावर मिळते, दिसायला तशीच. त्या रात्री त्याच्या कागदावर चार फुल्या झाल्या. तो नेहमीच्याच वेळी उठला. कुणी काही म्हटलं नाही, ग्लासला ग्लास लावताना फक्त सगळ्यांनी जरा जास्त वेळ डोळ्यांत पाहिलं, असं मला वाटलं.

काकाजींनी एकदा सोडली होती, दीड वर्ष. त्या दीड वर्षात ते संध्याकाळी कुठे बसायचे हे मी आठवून पाहिलं. पुलाकडचे सोबती तुटले होते. पारावर लोक बाजूला सरकायचे, कारण आता सगळ्यांना माहीत असल्याचं त्यांना माहीत होतं. ते गोठ्यात बसायचे. गाईपाशी, रिकाम्या हाताने.

पुढच्या रविवारी मी आईला फुल्यांचं सांगितलं. वर्ध्यात बंदी उठावी असं मला वाटत नाही, हेही सांगितलं. मडकी फोडून आलेल्या बायकांना रात्री किती घरांत जेवण सुखाने मिळायचं ते मी पाहिलं आहे. आई बराच वेळ गप्प होती. फोन कटला की काय म्हणून मी हाक मारली.

“बसाले तर येते न तो,” ती म्हणाली.

“हो, रोज.”

“आणि त्या बिनदारूचे पैसे किती घेते?”

मी सांगितलं. अर्ध्या लिटरला साठेक कोरुना, म्हणजे सव्वादोनशे रुपये. खरीलाही जवळपास तेवढेच.

“तेवढेच?” आई म्हणाली. “हुशार आहेत मंग ते लोक.”